यादीतली शेवटची ओळ

रांगेत ताटकळून तुमचा नंबर लागतो, खिडकीतली बाई समोरच्या स्क्रीनकडे पाहून म्हणते, "नाही दिसत," आणि तुमचं डोकं फिरतं. त्या क्षणी तिला नेमकं काय दिसत असतं, हे तुम्ही कधी पलीकडे जाऊन पाहिलं आहे का?

हा प्रश्न माझा नाही, मावशी. तुझा आहे. तू तो मला विचारलास तेव्हा मी तुलाच चार शब्द ऐकवले होते. तुझी तेरवी होऊन चार दिवस झालेत. सक्करदऱ्याच्या तुझ्या घरात, तुझ्याच टेबलाशी बसून हे लिहिते आहे. समोर तुझा जुना मॉनिटर आहे. तू स्क्रीनवर धरून मापं घ्यायचीस ती पारदर्शक पट्टी अजून त्याच्या कडेला टेकवलेली आहे. कंपासपेटीतली, माझ्याच शाळेच्या वेळची.

तेरवीला आलेले लोक म्हणत होते, शोभाताई कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या. तू असतीस तर तिथल्या तिथे टोकलं असतंस. "कॉम्प्युटर दुरुस्त कराले पोट्टे आहेत. मी फक्त पाहाले जाते, माणसाले काय दिसून राहिलं अन् काय नाही." एका लहानशा कंपनीत तू सारी नोकरी काढलीस. ती कंपनी कार्यालयांसाठी, दुकानांसाठी प्रोग्राम बनवायची आणि त्यातले फॉर्म तू आखायचीस. नावाची चौकट कुठे, यादी कुठे, बटण कुठे. मग कधीतरी कुठल्यातरी ऑफिसात ते बटण गायब व्हायचं, अक्षरांची डोकी कापली जायची, यादी लुकलुकायला लागायची. की तू स्कूटर काढायचीस.

मला हे काम क्षुल्लक वाटायचं. खोटं कशाला बोलू? मी पत्रकांवर वाढले. बाबांची पत्रकं पलंगाखाली, कपाटावर, गव्हाच्या कोठीमागे. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध'च्या जाड टाइपातून. तू आमची टर उडवायचीस. "भाऊजीच्या घरी तं पोरीच्या वाढदिवसाची चिठ्ठीबी बंधू-भगिनींनो म्हणून सुरू होते." एकदा जेवताना मी चिडून म्हणाले होते, लोक हक्कासाठी रस्त्यावर उतरलेत आणि तू बटणाच्या कडा मोजत बसतेस. तू रागावली नाहीस. "ते बटण दाबल्याबिगर तुझा हक्क आत जात नाही वं पोरी," म्हणालीस आणि माझ्या गोळाभातावर आणखी एक गोळा ठेवलास.

गांधीबागेतलं ते कापडाचं दुकान आठवतं? तुझा हात मुरगळला होता, म्हणून आठवडाभर तुझी स्कूटर मी चालवत होते. दुकानात शिरलो तर सेठ आधीच तापलेले. "मॅडम, मशीन में कुछ नहीं है. हा आदमीच खराब आहे. बटण सामने है, अन् हा म्हणते दिसत नाही." त्यांचा ऑपरेटर, पन्नाशीचा माणूस, मान खाली घालून उभा. तू स्क्रीन पाहिलास. बटण होतं. जागच्या जागी, ठळक. त्या माणसाचा चेहरा असा उतरला की मलाही वाटलं, सेठचं खरं असावं.

तू मात्र सेठला खुर्चीवरून उठवलंस आणि ऑपरेटरला म्हणालीस, "भाऊ, तुम्ही बसा. रोज जसं करता तसंच करा. मी मधात बोलणार नाही." आणि खरंच बोलली नाहीस. त्याच्या खांद्यामागे उभी राहून पाहत राहिलीस. त्याने स्क्रीनवर एक खिडकी उघडली, मग दुसरी, मग पहिलीवर परत आला. बटणाच्या जागी नुसता राखाडी चौकोन! त्याने माउसचा बाण चाचपडत तिथे नेला, तसं बटण टुणकन उगवलं. तू मोठ्याने हसलीस.

"बटण कुठं गेलंच नाही. फक्त स्क्रीन ते परत काढून नाही राहिला, बाण वरतून फिरेपर्यंत. कवापासून आहे हे?"

"दिवाळीपासून, मॅडम."

"दिवाळीत काय बदललं?"

"मॉनिटर नवा घेतला. त्याच्यासोबत एक सीडी होती, ते टाकली."

मग तू एकेक गोष्ट बदलत गेलीस. एका वेळी एकच. जुना मॉनिटर लावून पाहिलास, वहीत लिहिलंस. नवा परत लावलास, लिहिलंस. रंग कमी केलेस, लिहिलंस. मी कंटाळून म्हणाले, सगळं एकदम बदलून टाक ना. "एकदम बदललं तं दुरुस्त होईन, पण कशानं झालं ते समजणार नाही. तुह्या क्रांतीसारखं." त्या सीडीतला प्रोग्राम काढून दुसरा टाकला तेव्हा बटण जागेवर राहिलं. काम संपलं होतं. मी स्कूटरची चावीही काढली. पण तू दुकानाच्या मधोमध जाऊन उभी राहिलीस आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "सेठजी, या भाऊची चूक नव्हती. ते जे सांगून राहिले होते, ते खरं होतं."

"अरे ठीक है मॅडम, हो गया ना काम."

"काम झालं. हे राहिलं होतं."

ही तुझी रीत. परत येताना तू वही दाखवलीस. काय दिसलं, काय निघालं, कशाने सुधारलं, हे सगळं होतंच. पण प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक रकाना होता. 'बोलणी कोणी खाल्ली.' तिथे त्या माणसाचं नाव, आणि त्याच्यापुढे एक बरोबरची खूण. ती खूण तू दुरुस्तीनंतर करत नव्हतीस. चारचौघांत सांगून झाल्यावर करायचीस. मी हसले होते. आमच्या पत्रकांत असा रकाना नसतो, मावशी. आमच्याकडे बोलणी कोणी खायची, हे पहिल्या ओळीतच ठरलेलं असतं.

मग आली गिरजाबाई. आमच्या वस्तीत चार घरची धुणीभांडी करते. घरकाम करणाऱ्या बायांची नोंदणी सुरू झाली म्हणून ती कामं बुडवून तीनदा नोंदणीच्या कार्यालयात गेली, आणि तिन्ही वेळा तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईने तिला परत पाठवलं. "म्हणते, तुमचं काम यादीत नाही. दुसरं काही करत असान तं सांगा. आता मी काय सांगू वं, कलेक्टर आहो म्हणू?" गिरजाबाई हसत सांगत होती. मी हसले नाही. आणखी बायांना विचारलं, सगळ्यांची तीच कथा. त्याच दुपारी पत्रक लिहिलं. 'आमचं काम यादीत नाही?' पिवळ्या कागदावर, काळ्या जाड अक्षरांत. त्यात त्या बाईंचं नाव होतं, खिडकीचा नंबर होता, 'गरिबांना हुसकावणारी' असा शब्द होता. खाली फाडून द्यायची चिठ्ठी होती: या कर्मचारी बाईंना कामावरून काढा, सही.

छापायला देण्याआधी तुला दाखवलं. तू चष्मा लावून वाचलंस.

"लिहिलं तं झकास आहे. तू तिचा स्क्रीन पाहिला का?"

"कशाला पाहू? बायांनी सांगितलं ना."

"बाया खोटं नाही बोलत. पण तिले काय दिसते, ते पलीकडून जाऊन पाहिलं का?"

"मावशी, अन्यायाला दोन बाजू नसतात."

"अन्यायाले नसंन. काउंटरले असते."

मी पत्रक उचललं आणि छापायला गेले. वस्त्यावस्त्यांत वाटलं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा कार्यालयातल्या साहेबांच्या टेबलावर जाऊन पडला, तेव्हा मला वाटलं, बाबांची मुलगी शोभते मी.

गठ्ठा पडल्यावर साहेबांनी तुझ्या कंपनीला फोन केला, कारण तो नोंदणीचा प्रोग्राम तुमचाच होता. तू मला सोबत घेतलंस. मी आले ती तुला मदत करायला नाही. त्या बाईंची लबाडी उघडी पडताना पाहायला आले.

त्या बाई साठीला टेकलेल्या, कंत्राटावरच्या. जाड भिंगाचा चष्मा, डोळ्यांत अजून न पिकलेला मोतीबिंदू. या खिडकीवर नव्याच आल्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी कुणाकडून तरी स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून घेतली होती. तू त्यांना एक नोंद करायला लावलीस, नेहमीसारखी मागे उभी राहिलीस. मग त्यांच्या खुर्चीत तू बसलीस. मग मला बसवलंस.

कामाच्या प्रकारांची चौकट होती. एकाखाली एक दहा गोल बटणं आणि पुढे कामांची नावं. बांधकाम, शिवणकाम, हमाली, अशी. घरकाम नव्हतं. खरोखरच नव्हतं. पण चौकटीच्या खालच्या कडेला, अगदी चिकटून, कापलेल्या नखाएवढी एक बारीक कोर दिसत होती. तू तिच्यावर पट्टी ठेवलीस.

"बाई, हे काय आहे?"

"तो डाग आहे ना. मी रोज पुसते पदरानं. जातच नाही."

तू अक्षरं एक पायरी लहान केलीस. कोर वर सरकली, गोल झाली, आणि तिच्यापुढे उगवली अकरावी ओळ. घरकाम.

त्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता म्हणतील, पाहा, माझी चूक नव्हती. पण त्या म्हणाल्या, "अगं बाई. कितीक जणींना परत पाठवलं मी. मी साहेबांना विचारलं होतं हो, ते म्हणाले यादीत असेल तेवढंच करा."

साहेब दारातून म्हणाले, "मग अक्षरं लहानच ठेवा. विषय संपला."

"अक्षरं लहान केल्यानं यायचे डोळे सुधरत नाहीत, साहेब," तू म्हणालीस आणि दुपारभर तिथेच बसलीस. अक्षरं वाढली की चौकटही वाढेल, आणि जागा संपली तर बाजूला खाली सरकवायची पट्टी येईल, असं करून उठलीस. आधी सगळ्यात लहान अक्षरांपासून सगळ्यात मोठ्यापर्यंत प्रत्येक मापावर त्या बाईंकडूनच अकरावी ओळ दाबून घेतलीस. मग उभी राहिलीस. मला माहीत होतं तू काय करणार.

"सगळ्यायनं ऐका. या बाईची चूक नव्हती. ही चौकट मी आखली होती. माझ्या स्क्रीनवर अकरा ओळी बरोबर बसल्या, मले वाटलं झालं. दुसऱ्याच्या डोळ्यानं मी पाहिलंच नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहून तुला विचारलं, "ह्या कोण?"

"माझ्या बहिणीची पोरगी."

एवढंच सांगितलंस. पुढचं मी सांगायचं होतं. त्यांच्या कीबोर्डखालून घडी केलेल्या पिवळ्या कागदाची कड दिसत होती. त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून मला दिला. मी तो प्यायले, मावशी. बशी परत दिली आणि तुझ्यामागे बाहेर पडले.

त्या संध्याकाळी तुझ्या स्वयंपाकघरात आपण भांडलो. ते भांडण अजून संपलेलं नाही.

"नवीन पत्रक काढ. माझं नाव छाप, चूक माझी होती म्हणून. अन् तिचं खोड."

"तुझं नाव छापलं की ऑफिस सुटलं, मावशी. मोतीबिंदूच्या बाईला तपासणीसुद्धा न करता स्क्रीनपुढे बसवतात, ती विचारायला जाते तर हाकलतात. ते कोण लिहिणार?"

"तेबी लिही नं. कोण नाही म्हणून राहिलं? ऑफिसचं छाप, माझं छाप, पण तिचं खोड."

"पुढच्या वेळी आमच्या पत्रकावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

तू कणीक मळता मळता थांबलीस. "काहून नाही ठेवणार? माझा प्रोग्राम चुकला, मी जाऊन सांगितलं. मले परत बोलावतेत का नाही?"

 ऑफिसबद्दल मी आजही तेच म्हणेन, मावशी. तुझ्या चौकटीपेक्षा साहेबांची 'यादीत असेल तेवढंच करा' ही तऱ्हा जास्त बायांना परत पाठवते. ती दुरुस्त करायला पट्टी पुरत नाही. तू असतीस तर यावर आणखी तासभर भांडलो असतो. पण या भांडणाआड मी दुसरीच गोष्ट लपवत होते, आणि ती तुला पहिल्या मिनिटाला दिसली होती. मला लाज वाटत होती. मोठमोठ्या शब्दांच्या मागे मी ती ठेवून दिली होती.

तुझा शेवटचा फोन सोमवारी आला. "मुक्ते, त्या बाईचं कंत्राट लटकलं वं. साहेब म्हणते, स्क्रीनचं समजलं मले, पण लोकायच्या सह्या आहेत फाईलमधी, त्यायचं काय करू? महिनाअखेर ठरणार आहे. तू पत्रक काढतं का नाही?"

"पाहते," मी म्हणाले.

"पाहतेच म्हणून राहिली तू महिन्याभरापासून."

बुधवारी सकाळी स्कूटरला किक मारता मारता तू खाली बसलीस, आणि पुन्हा उठली नाहीस.

आज तुझी वही उघडली. शेवटची नोंद तीच आहे. चौकटीची मापं, अक्षरांची मापं, 'आखणी: मी' असं ठसठशीत. 'बोलणी कोणी खाल्ली' या रकान्यात त्या बाईंचं नाव. त्याच्याखाली दोन ओळी. 'ऑफिसात सांगितलं', पुढे बरोबरची खूण. 'वस्तीत: मुक्ता सांगन', आणि पुढे काही नाही. कोरी जागा.

तू मला 'सांग' म्हणून लिहिलं नाहीस. 'सांगन', म्हणजे सांगेलच, असं लिहिलंस. एवढी खात्री कुठून आणलीस? मी तुला तसं काही दाखवलं नव्हतं. तुझ्या हाताखाली वाढलेली मी, तुझ्या कामाला क्षुल्लक म्हणाले, तू मला जेवायला वाढलंस. तुझा प्रश्न उडवून लावला, तू मला सोबत नेलंस. त्या खुर्चीत मला बसवलंस ते शिकवायला नव्हे, हे आता कळतं. मला दिसावं म्हणून बसवलंस. बस, इतकंच तुझं काम होतं आयुष्यभर. तुझ्याशी आणखी भांडायचं होतं गं. तुला एकदा तरी म्हणायचं होतं की तुझं बरोबर आहे. तेही 'पाहते'मध्येच राहिलं.

म्हणून हे पत्रक. तुझ्या सांगण्याप्रमाणे तुझं नाव छापते आहे: चौकट आखणारी, शोभा ठवकर. माझंही छापते आहे: न पाहता लिहिणारी, मुक्ता. त्या बाईंचं नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

आणि आता तुम्हाला, हे वाचणाऱ्यांना. गिरजाबाईची नोंद झाली आहे. ज्यांना परत पाठवलं होतं त्या सगळ्यांनी पुन्हा जा. अकरावी ओळ आता दिसते. पण ज्यांनी माझी पिवळी चिठ्ठी फाडून सही करून दिली, त्यांच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. ती सही मी तुमच्याकडून अर्धवट माहितीवर घेतली. ती फाईलमध्ये आहे, आणि तिच्यामुळे एका बाईंचं काम जाणार आहे. खाली कोरी चिठ्ठी छापली आहे. तिच्यावर एवढंच लिहा: 'मी दिलेली तक्रार मागे घेत आहे. या बाईंची चूक नव्हती.' सही करा. येत्या सोमवारी कार्यालय उघडताना मी तीन नंबरच्या खिडकीसमोर असेन. पहिली चिठ्ठी माझी असेल. तुम्ही या. आणि चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर ठेवण्याआधी ती मोठ्याने वाचा, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.